सूर्यावरचा माझा डाग

माझी पितळी नळी आता काळवंडली आहे, मित्रांनो, आणि डोळा लावायच्या जागी कापडाचा बोळा कोंबलेला आहे. तरी ओळखलेच असेल तुम्ही. मी एक जुनी दुर्बीण आहे.

माझा जन्म चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. गिऱ्हाइकांच्या चष्म्यांतून उरलेल्या काचा घासून घासून दुकानदाराने मला दृष्टी दिली, ती आपल्या मुलीसाठी. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. माझ्यापाशी मात्र ती तासन् तास बसे. मला मऊ फडक्याने पुसल्याशिवाय सकाळी तोंडात घास घालायचा नाही, असा तिचा नेम होता. असा नेम कुणी पाळला की वस्तूलाही वाटते, आपण कुणाचे तरी आहोत.

दुपारी ती मला खिडकीतून सूर्याकडे रोखी आणि मागे पांढरा कागद धरी. (माझ्यासारख्या दुर्बिणीतून सूर्याकडे थेट पाहू नका हं, डोळा कायमचा जाईल.) कागदावर सूर्य अलगद उतरे, दुधावर साय धरावी तसा. त्यावर बारीक डाग येत आणि जात. एक गोल डाग मात्र कायम असे. तो तिचा लाडका. त्याच्यापायीच तिचे मन खगोलभौतिकीच्या पदवीकडे ओढ घेई. वडिलांना वाटे, साधी भौतिकी घ्यावी. आत्या म्हणे, दोन्हीकडे सुरुवातीला तेच शिकवतात, मग जीव एवढा टांगणीला का? पण भिंगरीला जेवण गोड लागेना.

कोणता विषय घेणार ते कॉलेजला कळवायचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दुपारीही ती माझ्यापाशी येऊन बसली. एरवी सूर्य सरकला की ती मलाही सरकवी. आज विचारात हात तसाच राहिला. सूर्य हळूहळू कागदाच्या कडेला निघाला. डाग मात्र जागचा हलला नाही. सूर्यच त्याच्याखालून निघून गेला.

तिने माझी डोळ्याकडची काच काढून उजेडात धरली. आत एक इवलासा बुडबुडा होता.

मी लाजेने अर्धी झाले. वाटले, आता माळा आणि जळमटे.

वडील हसले. "चष्म्यात निघाला असता तर गिऱ्हाइकाने काच माझ्या अंगावर टाकली असती. तू त्याच्यावर जीव लावून बसलीस."

"आता गं काय?" आत्या म्हणाली. "तुझा सूर्य तर स्वच्छ निघाला."

भिंगरी ओशाळली. मग काच बोटांत फिरवू लागली.

"बाबा, काचेतून उजेड जातो. हवेतूनही जातो. मग काचेतली हवा काळी कशी दिसते?"

वडिलांनी काच घेऊन उजेडात उलटसुलट करून पाहिली. त्यांना सांगता येईना, आत्यालाही नाही. आणि तो बुडबुडा जन्मभर पोटात वागवून मलाही नाही.

संध्याकाळी तिने भौतिकी कळवून टाकले. आत्याला म्हणाली, "तारे कुठे पळून जात नाहीत. आधी मला हा बुडबुडा कळू दे."

कॉलेजला जाताना ती काच तिने रुमालात गुंडाळून बरोबर नेली. तेव्हापासून मी फळीवर आंधळी बसून आहे, पण माझी नजर तिच्या खिशात आहे, म्हणून दुःख नाही. एवढेच मागते, मित्रांनो. घरातल्या जुन्या वस्तूवर डाग दिसला तर ती लगेच टाकू नका. आधी जरा उजेडात धरून पाहा.