हाताला गुण

गुणाबाईंनी बर्फाच्या कप्प्यातून पेन काढलं, पदरानं पुसलं आणि फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी, होतं तिथंच ठेवून दिलं. घरात अजून कुणी उठलं नव्हतं. बोटं गारठली होती, ती त्यांनी काखेत दाबून धरली.

पेन म्हणजे लिहायचं नव्हे, टोचायचं. पोराची, सुगतची, दारू सुटावी म्हणून ठाण्याच्या दवाखान्यातून आणलेलं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, की पोट भरल्याची वर्दी देणारं एक हार्मोन आपल्या अंगात असतं, हे औषध त्याच्यासारखंच. भूक कमी करतं, दारूची ओढही कमी करतंय असं दिसतंय, पण त्यावर संशोधन अजून चालू आहे. दर रविवारी टोचायचं, एक पेन महिनाभर पुरतं. ठेवायचं फ्रिजमध्ये, पण बर्फात नाही. एकदा गोठलं की औषध वाया. हे शेवटचं गुणाबाईंनी नको तितकं नीट ऐकलं होतं.

दारू सुटली होती, खोटं कशाला बोला! माहेरी निघून गेलेली प्रियंका लेकीला घेऊन परत आली होती. येतानाच दारात उभी राहून म्हणाली होती, "आई, यांनी पुन्हा एक थेंब जरी घेतला ना, तर मी गेलेच म्हणून समजा."

पण पोरगं जेवेना. जवळ्याची चटणी नि तांदळाची भाकरी म्हटलं की आधी ताटावर बसणारा सुगत आता दोन घास चिवडायचा आणि ताट सरकवायचा. गालफडं बसली, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. त्याचा बाप दारूनं असाच वाळत वाळत गेला होता. आता याला हे औषध नेतंय की काय, या धास्तीनं म्हातारीचा जीव खालीवर व्हायचा. "पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगू," प्रियंका म्हणायची. पुढची वेळ लांब होती आणि सरकवलेलं ताट रोज समोर होतं.

त्या रविवारी गुणाबाईंनीच टोचलं. प्रियंकाचा हात थरथरायचा, म्हणून हे काम पहिल्यापासून त्यांच्याकडे.

"आज लागलंच नाय बघ," सुगत म्हणाला.

"लागत न्हाय रं," म्हणत त्या चटकन मोरीकडे वळल्या.

दोन-तीन आठवड्यांनी सुगतनं दुसरी भाकरी मागितली. गुणाबाईंचे डोळे भरून आले आणि लगेच दुसरं मनात आलं. भूक परत आली, आता तिच्या मागून दारूही येणार! झोप उडाली. दार वाजलं की त्या आधी जाऊन त्याच्या तोंडाचा वास घ्यायच्या. सांगायची हिंमत नाही, न सांगितलं तर चैन नाही. आपल्याच हातानं पोराच्या संसाराला काडी लावली, कुठं फेडू हे पाप, असं त्या भांडी घासताना स्वतःशीच पुटपुटायच्या.

पगाराच्या शनिवारी सुगत वेळेवर आला नाही. कशेळीच्या गोदामात तो फोर्कलिफ्ट चालवायचा, शिफ्ट कधीच सुटली होती. फोन उचलत नव्हता. प्रियंका लेकीच्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. गुणाबाईंना त्या घड्यांकडे बघवेना.

दार वाजलं. त्या धावल्या. घामाचा वास, डिझेलचा वास. दुसरा कसलाच नाही.

"गोदामातल्या दीपेशनं बारमध्ये ओढून नेलं," सुगत हातपाय धुता धुता म्हणाला. "ग्लास भरून पुढ्यात ठेवला. खरं सांगू? आज लई वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. हातपण पुढे गेला. मग म्हटलं, आईनं टोचलंय ना, ते औषध कसं पिऊ देईल? उठलो नि आलो. अर्धा रस्ता चालतच."

प्रियंकानं घड्या उचलून कपाटात ठेवल्या. तिला हसू आवरत नव्हतं.

सुगतनं आईचा हात धरला. "तुझ्या हाताला गुण आहे, आई."

"सोड, पीठ लागलंय," म्हणत गुणाबाईंनी हात काढून घेतला. त्या पेनात काही नव्हतं रं, तूच उठलास, तुझा तू आलास, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण हे ऐकल्यावर पुढचा ग्लास समोर आला तर तो कशाच्या जोरावर उठणार?

प्रियंकानं दुपारीच ठाण्याहून नवं पेन आणलं होतं. गुणाबाईंनी फ्रिज उघडून पाहिलं. पेन वरच्या खणात, बर्फाच्या कप्प्याला खेटून होतं. त्यांनी ते उचलून दारात, अंड्यांच्या शेजारी ठेवलं आणि दार घट्ट लावलं. मग परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं.

सुगत तिसऱ्या भाकरीवर होता. त्यांनी तव्यावरची गरम भाकरी त्याच्या ताटात टाकली.

"बास गं!"

"खा. आज पोट भरून खा."

"का? उद्या मिळणार नाय काय?"

"मिळंल रं," गुणाबाई तव्याकडे बघत म्हणाल्या. "उद्या रविवार हाय."