वैलातला विस्तव

मी चूल नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी तिच्या शेजारचा वैल. जाळ तिच्यात घालायचा, भाकरी तिच्यावर भाजायची, हळदकुंकू तिला लावायचं. आणि तिच्या कुशीतल्या भोकातून जेवढी धग माझ्याकडे येईल तेवढ्यावर मी वरण ऊन ठेवायचं, असा आमचा संसार. तक्रार नाही. उसन्या धगीवर जगणाऱ्याला चार माणसांकडे बघायला फुरसत मिळते.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्यात बोरीच्या दिनकररावांच्या घरी माझा जन्म झाला. घरात नवी सून आली होती, कोकिळा. जुन्या स्वयंपाकघरात एवढा काळोख, की बिचारी दिवसाढवळ्या कंदील लावून पीठ मळायची. शेवटी दिनकररावांनी मनावर घेतलं. भिंत फोडून खिडकी बसवली. काजळी खरवडून चुन्यात नीळ घालून भिंती रंगवल्या, खाली शहाबादी फरशी टाकली, फळीवर पितळी डबे ओळीनं लागले. जुनी चूल फोडली.

नवी चूल घालायचं काम आक्काकडे आलं. चतुराबाई तिचं नाव, दिनकररावांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतली, ती या घरच्या भाकरी थापतच म्हातारी झाली. तिनं जुन्या चुलीची माती कुटली, त्यात नदीची चिकणमाती, भुसा आणि लीद कालवली आणि आम्हा दोघांना हातानं उभं केलं. माझ्या काठावरून तिनं ओला हात इतक्या वेळा फिरवला, की मला वाटलं, मीच चूल असेन.

दिनकररावांच्या बायकोनं, बायनाबाईंनी, शुक्रवारी चुलीची पूजा ठरवली. पहिला विस्तव सवाष्णीनंच घालायचा, म्हणजे कोकिळेनं.

"अजून ओली हाय," आक्का म्हणाली. "एकदम जाळ घातला तर तडकंल."

"भटजीनं दिस काढून दिलाय. आता कसं मोडायचं?"

"बरं. मग मला दारातून तरी बघू द्या. मी केलेली चूल हाय."

"नगं आक्का. त्या टायमाला तुमी अंगणात बसा. चार बायका येणार, लोक काय म्हणतील?"

आक्का मातीचे हात धुवायला उठली. या बाईचा हात चुलीच्या मातीला चालत होता, विस्तवाला चालत नव्हता. माणसांचे हे हिशेब मला कधी कळले नाहीत.

गुरुवारी सांजेला सगळ्या बायका देवळात गेल्या, तेव्हा आक्का शेजारून तव्यावर पेटती गोवरी घेऊन आली. थोडी चुलीत ठेवली. माझं भोक आतून ओलं होतं, म्हणून उरलेली सगळी माझ्यात ठेवून वर राख लोटली. माझ्या पोटात कुणी असा थेट विस्तव ठेवावा, हे नवलच.

"उद्या तडकली तर नव्या पोरीच्या पायगुणावर ढकलतील," ती पुटपुटली. "पाप लागलं तर मला लागू दे. माझं काय जायचं ऱ्हायलंय?"

शुक्रवारी पूजा झाली. कोकिळेनं राख सारायला माझ्यात हात घातला आणि थबकली. राख गरम होती. तिनं भोकावरून बोट फिरवलं. माती खडखडीत वाळलेली. तिनं खिडकीतून अंगणाकडे पाहिलं. आक्का पाठ करून बसली होती.

कोकिळेनं चिमट्यानं माझ्यातला निखारा उचलला, चुलीतल्या तुराट्यांखाली ठेवला आणि फुंकर घातली. चूल पेटली. कुठं तडा नाही. वर पहिलं दूध चढलं.

"अगं बाई, काडी न वढताच पेटली की," शेजारच्या छबूबाई म्हणाल्या.

काडेपेटी बायनाबाईंच्याच मुठीत होती. त्यांनी मुठीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि काडेपेटी पदराआड केली.

"वढली की. तुमचं ध्यान कुठं व्हतं?" मग अंगणाकडे तोंड करून म्हणाल्या, "आक्का, दूध उतू जायलंय. आत या."

आक्का आली. जाळ बघून तिचे डोळे भरले. धुरानं, असं तिनंच सांगितलं.

त्या दिवसापासून घरचा विस्तव माझ्यात राखायचा आणि तो आक्कानं राखायचा, अशी रीत पडली. रोज सकाळी कोकिळा म्हणायची, "आक्का, विस्तव द्या." आक्का राख सारून निखारा द्यायची. तेवढ्यासाठी ती सगळ्यांच्या आधी उठून बसलेली असायची.

आता इतक्या वर्षांनी, परवा परभणीहून रॉकेलचा स्टो आलाय. आम्हाला फोडून तिथं ओटा घालायचं चाललंय. स्टोला काडी पुरते. आक्काचे हात आता कापतात, तरी तिनं काल सांजेला माझ्यात गोवरी ठेवली. सकाळी कुणी मागायला आलं नाही. ती बराच वेळ माझ्याजवळ बसून राहिली.

कोकिळे, मला खुशाल फोड. माती आहे, मातीत जाईन. पण सकाळी उठलीस की आक्काकडे काहीतरी माग.