चिलखतवाला

विशाखानं थर्माकोलची पट्टी संघपालच्या पोटावरच्या उशीवर बसवली आणि तिच्या खाचेत त्याचे पत्ते एकेक करून उभे केले, पाठ आपल्याकडे. त्याच्या डाव्या हातात दोन जाड सुया खुपसलेल्या होत्या. डायलिसिस संपेपर्यंत तो हात हलवायचा नाही. उरलेल्या एका हातानं माणूस पत्ते धरणार की टाकणार? म्हणून ही पट्टी.

"बघितले न्हाईस ना?"

"तुझे पत्ते काय बघायचेत. पहिला चिलखतवालाच काढशील."

त्यानं चिलखतवालाच काढला. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

हा खेळ त्यानं पुण्याहून आणलेला. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर पोरं रात्रंदिवस खेळायची. राक्षस, चेटकिणी, जादूगार, पंखांचे सरडे. बंद पाकिटातून कुठला पत्ता निघेल त्याचा नेम नाही. नको तो द्यायचा, हवा तो मागून घ्यायचा. चिलखतवाला त्यानं दोन पंखवाले सरडे देऊन मिळवला होता. माय त्या सरड्यांना घोरपडी म्हणायची आणि ते देऊन टाकले हे बरंच झालं असं तिचं मत होतं.

पुण्याची नोकरी दुखण्यानं सुटली. खेळ तेवढा मुखेडला परत आला. आता आठवड्यातून तीनदा तो एसटीनं नांदेडला यायचा, खिडकीजवळच्या सीटवर रुमाल टाकून ठेवायचा आणि नायगावला, सासरच्या गावाहून, त्याची बहीण विशाखा चढायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. अर्ध्या रजा टाकून टाकून साहेबांच्या डोळ्यांवर आली होती. बसमध्ये दोघं झोपायची. इथं पत्ते खेळायची. पत्ते पडायला लागले की तिनं त्याला किडनी द्यायचा विषय निघत नसे.

"ह्यो लोखंडी बाबा कोण म्हणायचा?" शेजारच्या पलंगावरून देगलूरच्या शिवप्पांनी मान उचलली. दर वेळी विचारायचे आणि दर वेळी विसरायचे.

"चिलखतवाला, काका. ह्याला कुणीच हात लावू शकत न्हाई. समोरच्याची जादू न्हाई, इष न्हाई, तलवार न्हाई."

"मंग मरतच न्हाई की ह्यो!"

"मरत न्हाई," विशाखा म्हणाली, "आन् बराबी व्हत न्हाई. आपल्या माणसाचं औषधबी त्याला लागत न्हाई. चिलखत घातलं की घातलं. दुश्मन लांब, सोयरा बी लांब."

"आगं माय," म्हणून शिवप्पा परत आडवे झाले.

खेळ पुढं सरकला. मशीन आपल्या संथ गतीनं रक्त नेत होतं, आणत होतं. विशाखाला बसल्याजागी पेंग येत होती. येताना डॉक्टरांनी तिला बाहेरच गाठलं होतं. डायलिसिसच्या सुया टोचायची हातातली शीर आखडत चाललीय, ते म्हणाले होते, ती बंद पडली तर दुसरीकडं तयार करावी लागेल, आणि जागा काही फार उरलेल्या नाहीत. किडनी द्यायला तुमच्या तपासण्या जुळल्यात, नवऱ्याची सही झालीय. अडलंय ते फक्त तुमच्या भावाच्या होकारावर. जास्त वाट बघू नका.

हे त्याला सांगायचं होतं. ती पत्ते टाकत राहिली.

"घे. चेटकीण तुझ्या चिलखतवाल्यावर."

"लागत न्हाई."

"ठाव हाय. मंग वार शेजारी जातो. तुझा धनगर मेला."

चिलखतवाल्याला लागणारा वार त्याच्या बाजूच्या पत्त्यावर पडतो, हा त्या खेळातला नियम. संघपालनं धनगर उचलून बाजूला ठेवला. पुढच्या खेपेला त्याचा वैदू गेला. मग जादूगार गेला. तो एकेक पत्ता गुमान काढून देत होता. चिलखतवाला मात्र जागच्या जागी, चिलखत चढवायच्या आधीचाच जखमी, अंगात एवढीशी धुगधुगी धरून.

विशाखाचा हात मधेच थांबला.

"संघ्या, डॉक्टर बोलले मला."

"खेळ ना ताई."

"शीर जायलीय तुझी."

"मला सांगितलंय त्यांनी."

"मंग?"

"मंग काय. दुसऱ्या हाताला करतील." तो छताकडं बघत होता. "मायचं इसरलीस का तू?"

ती कशी विसरेल? मायनं त्याला दिलेली किडनी काही वर्षं चांगली चालली आणि मग हळूहळू बसली. कुणाची चूक नव्हती. डॉक्टरांनी दहादा समजावलं. माय सगळं ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि घरी आल्यावर चुलीपुढं बसून विचारायची, "माझीच हलकी निघाली का रं, बाळा?" त्या दिवसापासून त्यानं कुणाकडून काही घ्यायचं नाही असं ठरवून टाकलं होतं.

"तू बी तसंच इचारशील मला," तो म्हणाला. "मला ते पुन्यांदा ऐकायचं न्हाई. तू तुझ्या घरी सुखात ऱ्हा."

एरवी ती इथं गप्प बसायची. डोळे पुसायची, चहा आणायला खाली जायची. आज तिच्या अंगात तेवढंही त्राण नव्हतं, आणि कसं कोण जाणे, त्यामुळंच ती बोलली.

"सुखात? कोण सुखात हाय रे?" तिनं त्याच्या पुढ्यातल्या चादरीकडं हात केला. "बघ. काय उरलं तुझ्याकडं? ह्यो एकटा. बाकी सगळे त्याच्या शेजारी उभे ऱ्हाऊन मेले. तुला वाटतं तू मला वाचवून राहिलास? मी थकले, संघ्या. माझी पोरगी मला पाव्हणी समजायलीय. माय रातरात जागी असती. तुझ्यावरचा वार आमच्यावर पडायलाय, आन् तुला औषधबी लावू देत न्हाईस. मला तुझी दया येऊन मी देत न्हाई. मला हे संपवायचंय. मला बी माझ्या घरी झोपायचंय."

शिवप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. नर्सबाई दारातून डोकावल्या आणि मशीनचे आकडे बघायचं निमित्त करून निघून गेल्या.

बोलून झाल्यावर विशाखाला वाईट वाटलं. आजारी माणसाला असं कुणी बोलतं का? पण शब्द परत घ्यावेसे तिला वाटेनात. ती पत्ते गोळा करायला लागली.

संघपालनं त्या एकट्या पत्त्याकडं पाहिलं. मग त्यानं तो पालथा ठेवला.

"ताई."

"काय?"

"रजा किती दिवसांची मिळंल तुला?"

वर्ष झालं, हे ऐकायला तिचे कान आसुसले होते. तिला वाटलं होतं, तो हो म्हणेल त्या दिवशी आपण रडू, मायला फोन लावू, अख्ख्या दवाखान्याला पेढे वाटू. यातलं काहीच झालं नाही. तिचा हात आपोआप कमरेवर गेला, जिथं ते चिरणार होते तिथं. वर्षभर ती सासरी सांगत होती, कॉलेजात सांगत होती, मी तर कधीची तयार हाय, तोच ऐकत न्हाई. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी. आणि त्याच्या नकाराच्या आडोशाला ती रोज रात्री निवांत झोपत होती. हे तिला आत्ता, या स्टुलावर बसून कळलं. तिला लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली.

"मिळंल की," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. लहानपणापासून तो तिला ओळखत होता.

"भ्या वाटायलंय?"

खोटं बोलायला ती तोंड उघडणार होती.

"हाव," ती म्हणाली. "लई."

"मंग ऱ्हाऊ दे, ताई. मी तुला..."

"गप बस." तिनं त्याचा उजवा हात घट्ट धरला. "भ्या वाटतंय म्हणले. न्हाई म्हणले न्हाई."