हनुवटीखालचं ऊन

माझ्या लेकीच्या टोपीला कुणी हात लावलेला मला खपत नाही, हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. एकदा माझ्यासोबत मासळी वाळवणाऱ्या वकुरूच्या पोरांनी ती टोपी खेचून सरोवरात फेकली. मासळी उलथायचा दांडा घेऊन मी त्यांच्यामागे थेट बाजारापर्यंत धावले. वकुरू अजून चिडवते, "न्यामिसीच्या आई, तू सूर्याशीसुद्धा भांडशील!" भांडेन की. सोडते की काय!

न्यामिसी सात वर्षांची आहे. तिच्या अंगात रंग उतरलाच नाही. कातडी दुधासारखी, केस वाळल्या गवतासारखे, उजेडात डोळे मिचमिचे. माझा धाकटा भाऊ मगेसा असाच होता. त्याच्या जबड्याखाली जखम झाली, ती चिघळत गेली, आणि चोविसाव्या वर्षी तो गेला. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर, उन्हामुळे होतो. न्यामिसीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हाच मी मनाशी म्हटलं, ही त्या वाटेनं जाणार नाही.

म्हणून तिला लांब बाह्या, रुंद काठाची टोपी, सकाळ-दुपार दवाखान्यातलं मलम. आणि पोर कायम माझ्या नजरेसमोर. अशा लेकरांच्या हाडांत जादू असते म्हणून त्यांना पळवणारे नराधम आमच्या मुलखात होऊन गेलेत, मग तिला दुसऱ्या कुणाच्या भरवशावर कशी सोडू?

पाऊस संपला, शाळेला सुट्टी लागली. कोरडं, कडक ऊन पडलं की आम्हा बायकांचे कामाचे दिवस. होड्या पहाटे बारीक मासळी घेऊन येतात. ती आम्ही वाळूवर पसरतो, दिवसभर उलथतो, पाखरं हाकलतो. पाण्याच्या कडेला होड्या दुरुस्त करायची एक छपरी आहे. चारी बाजूंनी उघडी, पण वर गवत चांगलं दाट. तिथं मी न्यामिसीला बसवायची. अंगावर एक कवडसा पडत नसे. तरी मी दर थोड्या वेळानं जाऊन बघायची.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या हनुवटीखाली लाल चट्टा उठला. मग कातडी सोलली. मग एक फोड आला, तो काही केल्या भरेना.

माझं डोकंच फिरलं. रविवारी मी चर्चमध्ये गायला जाते, सुट्टीत तेवढाच वेळ पोर माझ्या नजरेआड, सासूकडे असते. न्यामिसी जन्मली तेव्हा याच बाईनं बाळाकडे बघून विचारलं होतं, "हे आपल्याच घरातलं ना?" ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी तरातरा तिच्या अंगणात गेले.

"काय केलंत माझ्या पोरीचं? टोपी काढून अंगणात बसवलीत ना? केस विंचरायला?"

सासू शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली. "मी तिला अंगणात आणतच नाही. आतल्या खोलीत असते ती."

"खोटं! तुम्हाला ती पहिल्यापासून नकोच होती!"

शेजारणी कुंपणाशी गोळा झाल्या. सासूचे हात शेंगांवर थांबले होते.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी तिचं तोंड वर करून बराच वेळ पाहिलं.

"टोपी घालते?"

"झोपतानाच काढते."

"दिसतंय. कपाळ स्वच्छ आहे. भाजलंय ते टोपीच्या काठाच्या सावलीत, हनुवटीखाली. तिथं मलम लावता?"

"तिथं कशाला? तिथं ऊन कुठून येणार?"

"खालून. दिवसभर ही बसते कुठे?"

मी छपरीचं सांगितलं. जरा तोऱ्यातच सांगितलं.

"समोर काय असतं?"

"पाणी. वाळू. वाळत घातलेली मासळी."

नर्सबाईंनी तिची हनुवटी सोडली. "बाई, वाळू आणि पाणी ऊन परत वर फेकतात. उघड्या छपरीत आभाळाचा उजेडही चहूकडून येतो. तुमच्या-माझ्या कातडीला त्याचं काही नाही. हिला तेवढंसुद्धा भाजतं. लवकर आणलंत, फोड भरेल. पण त्या छपरीत पुन्हा बसवू नका."

मी मान हलवली. बसमध्ये बसेपर्यंत मी ठीक होते. मग न्यामिसी माझ्या खांद्याला टेकून झोपली, तिची मान मागे कलली, तो फोड समोर आला.

मगेसाची जखम जबड्याखालीच होती.

त्यालाही याच छपरीत मीच बसवायची. मी अकराची, तो सहाचा. आई म्हणायची, भावाला सावलीत ठेव गं. मी हात धरून न्यायची आणि दटावायची, "इथून हललास तर बघ!" नाही हलला बिचारा. मोठा झाल्यावरही तिथंच बसून जाळी विणायचा. कुणी विचारलं तर सांगायचा, ही माझ्या ताईनं दिलेली जागा.

संध्याकाळी मी सासूच्या दारात उभी राहिले. शेजारणी बघत होत्या, बघू देत.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "उद्यापासून हिला दिवसभर तुमच्याकडे ठेवाल का?"

ती ताडकन काही बोलेल असं वाटलं होतं, आणि मी ऐकूनही घेतलं असतं. तिनं दाराशी अंथरलेली चटई उचलली आणि आतल्या भिंतीशी नेऊन टाकली.

"दाराशी नको. अंगणाचा उजेड येतो," ती म्हणाली. "आणि ते मलम कुठंकुठं लावायचं ते दाखवून जा."

सकाळी निघताना न्यामिसीनं विचारलं, "आई, छपरीत सावली होती ना?"

"होती गं."

"मग मला कसं भाजलं?"

मी तिच्या हनुवटीखाली मलम लावत राहिले. तिला सांगितलं, आईला कळलं नव्हतं.

दुपारी मासळी उलथून झाल्यावर मी छपरीत गेले. मगेसा बसायचा तिथं बसले आणि पंजा पालथा करून हनुवटीखाली धरला. मग मान वाकवून त्याची खालची बाजू पाहिली. तळहात खालून उजळला होता. वकुरू लांबून हाक मारत होती, पाखरं मासळीवर उतरली म्हणून. मला उठवेना.

सावलीतच बसवलं होतं रे तुला, मगेसा. सावलीतच बसवलं होतं.