एकही रिपोर्ट रिकामा नाही

लॅबमध्ये त्याला सगळे 'निर्जंतुक' म्हणत, आणि तोंडावर म्हणत. रक्त तपासणाऱ्या माणसाला घाणीचा तिटकारा असावाच, पण याचा जरा अतीच होता. टेबलावर कपाचा गोल डाग दिसला तरी हा स्पिरिटने पुसत बसायचा. दुसऱ्याने वापरलेलं पेन तो दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकायचा. असा हा गृहस्थ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी व्हिडिओ बघून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकला आणि त्याने लॅबसाठी प्रोग्राम लिहिला. मशीनने दिलेले साखरेचे आकडे उचलायचे, पेशंटच्या नावापुढे बसवायचे, रिपोर्ट छापायचा. दोन वर्षं तो बिनबोभाट चालला होता. लॅबच्या मालकीण डॉक्टरबाई आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायच्या.

भाची सॉफ्टवेअर कंपनीत होती. एका रविवारी ती जेवायला आली, तेव्हा याने हौसेने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. तिने पाच मिनिटं वरखाली केलं आणि नाक मुरडलं.

"मामा, हे तू लिहिलंयस?"

"मग काय शेजाऱ्यांनी?"

"एक्स, एक्स-वन, न्यू-एक्स, न्यू-एक्स-खरा! अरे, ही काय नावं आहेत? नऊशे ओळी आणि एक फंक्शन नाही, सगळा एकच ढीग. एवढी घाण मी आमच्या ऑफिसातसुद्धा बघितली नाही, आणि तिथे काही कमी नाही."

घाण! हा शब्द त्याला आजवर कोणी लावला नव्हता. त्याने ताट बाजूला सारलं.

भाचीने त्याच्या लॅपटॉपवर एक टूल बसवलं. कोड वाचून चुकांवर बोट ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पहिल्याच फेरीत त्याने सहाशे अकरा तक्रारी काढल्या. "रोज सकाळी लॅब उघडायच्या आधी वीस ओळी घे," ती म्हणाली. "तक्रार वाच, का केलीय ते समजून घे, मग दुरुस्त कर. हळूहळू हाताला वळण लागेल."

चार दिवस त्याने केलं. ओळ फार लांब आहे. असू दे. हे नाव कुठेच वापरलेलं नाही. तुझ्या बापाचं काय जातं? सकाळी सकाळी एका यंत्राकडून शिकवणी घ्यायची म्हणजे त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पाचव्या दिवशी त्याला शोध लागला, की ओळीच्या शेवटी एक छोटी खूण लिहिली की टूल ती ओळ तपासतच नाही. खूण मुळात क्वचित, विचार करून वापरायची. याने एका झटक्यात ती नऊशेच्या नऊशे ओळींना लावली. तक्रारी शून्य! झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दिवशी तो कामावर शीळ घालत होता.

रविवारी भाचीने पुन्हा फाइल उघडली.

"शी! मामा, तू कोड साफ केलाच नाहीस. तू टूलचं तोंड दाबलंस."

"तक्रारी गेल्या ना?"

तिने सगळ्या खुणा काढून टाकल्या, तक्रारी पुन्हा बदाबदा आल्या, आणि त्यातल्या एकीवर ती थांबली. "ही ओळ कशाला? चूक आली तर काही न करता पुढे जा, असं लिहिलंयस."

"मशीन कधीकधी आकड्याऐवजी नुसत्या रेघा पाठवायचं. प्रोग्राम तिथेच अडून बसायचा. ती ओळ घातली आणि कटकट मिटली." त्याला आता जोर चढला. "ऐक, दोन वर्षांत एकही रिपोर्ट रिकामा गेलेला नाही."

"आधी जायचे?"

"आठवड्याला दोनतीन तरी. रक्त गोठलं किंवा कमी पडलं, की मशीन आकडा देत नाही. मग त्या माणसाला परत बोलवा, परत टोचा."

"आणि आता रक्त गोठत नाही?"

त्याने चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली.

भाचीने तीन खोटे पेशंट भरले. पहिल्याला ब्याण्णव, दुसऱ्याला रेघा, तिसऱ्याला दोनशे चाळीस. रिपोर्ट छापून आले. दुसऱ्याच्या नावापुढे ब्याण्णव होते. नवा आकडा आला नाही, म्हणून प्रोग्रामने हातात राहिलेला जुनाच दिला होता आणि गप पुढे गेला होता.

तो उठून बेसिनपाशी गेला आणि त्याला खरोखरच उलटी झाली. दुसऱ्याचं पेन हातात न धरणारा माणूस दोन वर्षं एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर खपवत होता. त्याला स्वतःच्या हातांची किळस आली, आणि ती साबणाने जाणारी नव्हती.

दुपारभर दोघांनी मशीनच्या जुन्या फाइली चाळल्या. रेघा आलेली दोनशे चौदा नावं निघाली. प्रत्येक नावापुढे त्याने फोन नंबर लिहिला.

सोमवारी त्याने यादी डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि उलटी करून ठेवली.

"प्रोग्राम दुरुस्त झाला ना?"

"झाला. पण ही माणसं..."

"कोणी तक्रार केलीय?"

"नाही. त्यांना कळणार कसं?"

"मग मढं उकरायचं कशाला? लॅबचं नाव जाईल, तुमचंही जाईल. हा विषय इथेच संपला." आणि त्या हसल्या, समजूतदार, मऊ हसल्या.

त्या हसण्याने त्याला शिसारी आली. दोनशे चौदा माणसांपुढे बाई तीच खूण लिहीत होत्या, इकडे बघू नका म्हणून. आणि त्यांना नावं ठेवायला याला तोंड कुठे होतं? गेल्याच आठवड्यात तो हेच करून शीळ घालत होता.

"बाई, मी सगळ्यांना फोन करणार आहे."

"मग स्वतःच्या फोनवरून करा," त्या म्हणाल्या. हसू गेलं होतं. "आणि उद्यापासून येऊ नका."

त्याने यादी उचलली, बावीस वर्षांची नोकरी एका पिशवीत भरली आणि तो लॅबच्या पायरीवर येऊन बसला. पायरीवर कोणीतरी थुंकलेलं होतं. तो सरकला नाही. त्याने यादीतला पहिला नंबर लावला. पेशंट एक म्हातारी बाई होती. फोन सुनेने घेतला. त्याने लॅबचं नाव आणि रिपोर्टची तारीख सांगितली.

"लॅबमधून का? अहो, सासूबाई त्या रिपोर्टवर काय खूश होत्या! साखर इतकी छान आली, म्हणून डॉक्टरांनी गोळी बंद केली."

"आता कशा आहेत?"

"दवाखान्यात आहेत. पायाची जखम चिघळली. गेल्या महिन्यात दोन बोटं काढावी लागली. आता डॉक्टर म्हणतात साखर खूप वाढलीय, पण आम्ही म्हटलं, रिपोर्ट तर चांगला होता. का हो?"

"तो आकडा त्यांचा नव्हता," तो म्हणाला. "त्यांच्या आधीच्या माणसाचा होता. मशीनची चूक नाही. प्रोग्राम मी लिहिला होता, चूक माझी आहे."

ती ओरडेल, शिव्या देईल, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. पलीकडून कागद ओढल्याचा आवाज आला.

"थांबा," ती म्हणाली. "मी लिहून घेते. परत सांगा."

त्याने पहिल्यापासून परत सांगितलं.