खो मिळाल्याशिवाय

अहो, टेकायचं असेल तर खुशाल टेका, पण आधी ओळख तरी करून घ्या. मी खो-खोचा खांब बोलतोय. गंगापूर रोडच्या मागच्या अंगाला, इमारतींच्या गराड्यात जे एवढंसं मातीचं मैदान उरलंय ना, तिथला गेटाकडचा खांब. समोर त्या टोकाला उभा आहे तो माझा भाऊ. एकाच सागाच्या ओंडक्यातून निघालो आम्ही, पण इथे पुरल्यापासून एकमेकांजवळ जायचा योग काही आला नाही.

आम्हाला घडवलं देवळाली कॅम्पातल्या धोंडीराम मिस्त्रींनी. त्यांचा जन्म गेला पलंग आणि पाट करण्यात. खंडेराव सरांनी खांब सांगितले तेव्हा त्यांना वाटलं, म्हशी बांधायला हवे असतील. म्हणून त्यांनी माझ्या डोक्याशी दावं अडकवायला छान खाचही पाडून ठेवली. सरांनी ती पाहिली आणि कपाळाला हात लावला. पोरींचे हात सोलून निघतील म्हणाले. मिस्त्री ओशाळले, तेवढा भाग त्यांनी कापून टाकला आणि मला घासून घासून गुळगुळीत केलं. त्या भानगडीत मी भावापेक्षा आखूड झालो, उंची सारखी दिसावी म्हणून जमिनीत थोडा कमी पुरला गेलो, आणि तेव्हापासून जरासा हलतो. स्वभावाने मात्र मी पक्का आहे.

खंडेराव सर सटाण्याकडचे. शाळेत पी.टी. शिकवायचे आणि संध्याकाळी इथे पोरींचा खो-खो घ्यायचे. शिट्टी तोंडात असली की सख्ख्या भावाला ओळख दाखवायचे नाहीत. शिट्टी काढली की मात्र खिशातून शेंगदाणे निघायचे.

मीना इथे आली तेव्हा माझ्याएवढीही नव्हती. पेठच्या पलीकडच्या पाड्यावरची पोर. आईबाप द्राक्षबागांच्या कामाला या बागेतून त्या बागेत फिरायचे, म्हणून वत्सलाबाई मावशीने तिला शाळेसाठी स्वतःकडे ठेवून घेतलं. मावशी इथल्याच एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. पोरगी नुसती घरात बसून रडते, हिला जरा पळवा, असं सांगून तिने मीनाला सरांच्या हवाली केलं.

आणि पळाली हो ती! पहिल्याच आठवड्यात तिने मला मिठी मारली. म्हणजे एका हाताने मला धरून, सगळं अंग बाहेर झोकून, माझ्याआडून निसटणारी मोठी मुलगी तिने बोटांच्या टोकाने बाद केली. याला खांबावरचा सूर म्हणतात, आणि तो सहसा शिकवावा लागतो. तिला कुणी शिकवला नव्हता. सरांनी शिट्टी काढली आणि सगळे शेंगदाणे तिच्या ओंजळीत ओतले.

मग काय, वर्षानुवर्षं तो हात माझ्या अंगावर पडत राहिला. माझा उजवा खांदा चमकतो ना, तो तिच्या तळव्याने. तिने स्पर्धा जिंकल्या, क्लबची कर्णधार झाली, खेळाच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळवली, लग्न केलं. संध्याकाळ झाली की ती आपली मैदानावर हजर. तिचा नवरा सुनील गेटाबाहेर गाडी लावून बसायचा. माझी सवत लाकडाची आहे, असं तो मित्रांना सांगायचा. मी ते फार मनाला लावून घेतलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सूर मारून ती पडली आणि तिचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, विश्रांती झाली, ती परत आली. पण मला फसवता येत नाही हो. पूर्वी तिचा झोका बसला की मी मुळापासून हलायचो, आता ती मला नुसती धरून वळायची. पाटीवर, म्हणजे आम्हा दोघा खांबांमधल्या रांगेत, बसताना आधी जमिनीला हात टेकायची. दुखतं का विचारलं की म्हणायची, "काय नाय, लय भारी हाय."

सगळ्यांना दिसत होतं, पण बोलणार कोण? स्नेहलसारख्या नव्या पोरी तर तिच्याकडे बघतच खेळ शिकलेल्या, त्या मुद्दाम हळू पळायच्या. आणि सर? ते हल्ली तिच्याकडे बघायचंच टाळायचे. तिला 'पुरे' म्हणणं त्यांच्याच्याने होईना.

परवाच्या संध्याकाळी मातीवरचा शेवटचा डाव झाला. मैदानावर आता मॅट येणार, नवे खांब येणार. शिट्टी वाजली, पोरी उठून पाण्याकडे गेल्या. माझ्याशेजारच्या चौकोनात मीना तशीच बसून राहिली. स्नेहलने हात पुढे केला, तो तिने धरला नाही.

"सर," ती म्हणाली, "मला कळतंय. आता माझ्याच्यानं होत नाही. पण खो मिळाल्याशिवाय आपलं आपण उठायचं नसतं, तुम्हीच शिकवलंय. दुसऱ्या कुणाच्या हातून मी घेणार नाही."

सरांनी शिट्टी खिशात टाकली. मग तिच्या मागे गेले, हात उचलला, आणि तो तसाच राहिला. शेवटी तिच्या पाठीवर हात ठेवून ते काहीतरी पुटपुटले.

मीना उठली नाही. "ऐकू नाही आला, सर."

याच माणसाने बारीक आवाजातल्या खोवर अख्ख्या पिढ्यांना फैलावर घेतलं होतं. त्यांनी डोळे पुसले, छाती भरून श्वास घेतला आणि तिच्या पाठीवर थाप मारून असे ओरडले, "खो!" की समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या.

मीना उठली. खो देणाऱ्याने उठलेल्याच्या जागी बसायचं असतं. सर गुडघे वाजवत, कण्हत, तिच्या चौकोनात बसले. नियम म्हणजे नियम.

ती लंगडत माझ्याकडे आली. मला दोन्ही हातांनी धरलं आणि कपाळ टेकलं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपल्यालाही हात असते तर बरं झालं असतं. खांबापुढे गेलं की खेळाडूला मागे फिरायची मोकळीक असते. ती फिरली नाही. गेटापाशी सुनील गाडीवरून उतरून उभा होता, तिकडे सरळ चालत गेली.

उद्या मलाही उपटतील. त्याचं मला काही दुःख नाही. टेम्पोत टाकताना भावाशेजारी टाकलं तर इतक्या वर्षांनी आमची गाठभेट तरी होईल. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. उपटायला येतील त्यांना सांगा, आधी माझ्या पाठीवर हात ठेवा आणि तो शब्द मोठ्याने म्हणा. आजवर तो इतक्या जणींना मिळताना ऐकला, मला कुणी कधी दिला नाही. तो ऐकू आला की मी निघालो.