तट्ट्याच्या पलीकडे

सुशीलाबाईने ढोलीत हात घातला, तर मुठीत धान कमी आणि उंदरांच्या लेंड्याच जास्त आल्या. बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, पुरुषभर उंचीची ढोली. तिच्या बुडाशी मनगट जाईल एवढं भोक पडलं होतं आणि आतला, पुढच्या सालच्या पेरणीसाठी राखलेला बिजाईचा धान सगळा भुसा झाला होता.

"अजी, इकडे या! पाहा तुमच्या उंदरायचे उद्योग!"

देवचंद पुढच्या सपरीत, ओसरीवर, बसून बिडी ओढत होता. तो बसल्या जागेवरूनच बोलला, "माहे उंदरं कायले? मी पाळले का?"

"मंग कोनं पाळले? दिवाळीपासून म्हनून राहिली मी, ढोलीखाली चार गोटे ठेवा, उचलून घ्या तिले. तुमी हो म्हनता अन् बसून राहता!"

हे मात्र खरं होतं. देवचंदने उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. गावात कुणी बैल मागो, पंप मागो, हा लगेच मान हलवणार. साऱ्या कामठ्यात माणूस भला म्हणून नाव होतं त्याचं, आणि त्या भलेपणाची भरपाई घरात सुशीलाबाई करत होती.

आतून सून नीतू बोलली, "आई, माह्या भावाकडं मांजर हाये, कुडव्याले. त्याच्या घरी उंदीर औषधालेबी नाई राह्यला. आनू का?"

"अन् शेरू?" सुशीलाबाईने विचारलं.

घरात कुत्री दोन. चंपी म्हातारी, दात पडलेली, चुलीजवळ पडून राहणारी. शेरूची गोष्ट वेगळी. तळ्याच्या पाळीवर सापडलेलं डोळे न उघडलेलं पिल्लू सुशीलाबाईने पदरात घालून आणलं होतं, त्याला पाच वर्षं झाली. तिच्या हाताशिवाय तो कुणाच्या हातचं खात नसे. गाडीत चढणं तर सोडाच, मुलाने, गजेंद्रने, मोटारसायकल सुरू केली तरी गोठ्यात जाऊन लपायचा. पण अंगणात परका माणूस पाऊल टाकू शकत नव्हता.

म्हणूनच तर नीतूच्या भावाचा, लीलाधरचा, त्याच्यावर डोळा होता. कुडव्याला त्याचं बारदान्याचं गोदाम. पोती चोरीला जात. दिवाळीत भाऊबीजेला आला तेव्हाच त्याने विचारलं होतं, "मावशी, हा कुत्रा मले देऊन टाका."

"बैल मांग, गाय मांग. शेरू नाई भेटत," सुशीलाबाईने सरळ सांगितलं होतं. देवचंदनेही बाजूने मान हलवली होती.

तर मांजर आलं. प्लॅस्टिकच्या थैलीतून फक्त मुंडकं बाहेर, राखी रंगाचं, डोळे मोठे. नीतूने थैली खाली ठेवली न ठेवली तोच शेरू झेपावला. थैली फाटली, पाण्याचा गुंड लवंडला, मांजर ढोलीवरून थेट आड्यावर गेलं आणि दीड दिवस खाली उतरलं नाही. शेरू खाली बसून वर बघत होता आणि म्हातारी चंपी दात नसताना गुरगुरत होती.

गजेंद्र तेव्हा शेतावरून आला होता. सगळा प्रकार पाहून म्हणाला, "आई, हे जमत नाई. एक तं मांजर राहीन, नाई तं कुत्रे राहतीन."

घरात धानापुढे कुत्र्याला कोण विचारतो? उंदरांचा बंदोबस्त झाला नाही, तर दोष शेरूवर येणार, हे सुशीलाबाईला तिथल्या तिथे कळलं.

"जमते का नाई ते मी पाहीन," ती म्हणाली.

तिला रीत माहीत होती. तिचा बाप नवा बैल बाजारातून आणला की जुन्याच्या शेजारी लगेच बांधत नसे. मध्ये तट्टा उभा करायचा, बांबूची ती चटईसारखी आडोशाची भिंत. याच्या पाठीवरची झूल त्याच्या पाठीवर टाकायची, त्याची याच्या. मग रोज एकेक हात गव्हाणी जवळ सरकवायच्या. पंधरा-वीस दिवसांत दोघे एका जुवाला मान देत. "जनावर डोयानं नाई, नाकानं वळखते बेटा," बाप म्हणायचा.

सुशीलाबाईने जुनं लुगडं फाडून दोन फडकी केली. आधी दोन्ही स्वतःच्या उशाखाली चार रात्री ठेवली, तिचा वास लागावा म्हणून. मग एक कुत्र्यांखाली अंथरलं, एक मांजराखाली. रोज संध्याकाळी फडक्यांची अदलाबदल. सपरीत तट्टा बांधला. पहिल्या दिवशी शेरूची थाळी तट्ट्यापासून नऊ हात लांब, मांजराची वाटी पलीकडे नऊ हात. दुसऱ्या दिवशी आठ हात. शेरू गुरगुरला की थाळी मागे, शांत राहिला की पुढे. स्वतः मध्ये बसायची, एक हात इकडे, एक तिकडे. धान्याची निवडटिपण, भांडी, सारं बाजूला पडलं. नंदाबाई शेजारीण कुंपणापलीकडून हसायची, "काऊन वो, सोयरीक जमवून राहिली का?"

"सोयरीक सोपी हाये बापा याच्यापेक्षा!"

घरातले सगळे मात्र कौतुकाने बघत होते. नीतू तर रोज येऊन बसायची, बारीकसारीक विचारायची. "आई, फडकं पाहून तो कसा गप बसते वो?"

"माहा वास हाये नं त्याले. हे फडकं जेथी असंन, तेथी घर हाये असं समजते तो. वाघाच्या गुहेत टाकलं तरी जाऊन बसंन."

सून एवढं मन लावून शिकते आहे याचं सुशीलाबाईला बरं वाटायचं. देवचंदही सपरीतून बघायचा आणि बिडी विझवायचा.

विसाव्या दिवशी तिने तट्टा काढला. मांजर दबकत आलं, शेरूच्या थाळीपाशी थांबलं. शेरूने नाक पुढे केलं, हुंगलं, आणि थाळी सोडून थोडा बाजूला सरकला. मांजराने त्याच्या थाळीतला भात खाल्ला. सुशीलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ढोलीतल्या उंदरांनी तोवर मुक्काम हलवलाच होता.

त्याच रात्री जेवताना देवचंद म्हणाला, "माघ पुनवेले कचारगडची जत्रा हाये. चालतं का? गुहा दाखवतो तुले."

सुशीलाबाईचा घास हातातच राहिला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, या माणसाने तिला आपणहून गोंदियाच्या बाजारातसुद्धा नेलं नव्हतं. ती लाजलीसुद्धा. नवं लुगडं काढलं, फोडणीच्या भाताचा डबा बांधला. जत्रेत देवचंदने तिला बांगड्या भरल्या, उसाचा रस पाजला. गुहेची चढण चढताना तिचा हात धरला. एवढी सुखाची माघ पुनव तिने कधी पाहिली नव्हती.

दिवस मावळता दोघं परत आली. शेरू धावत आला नाही. तिने हाक मारली, पुन्हा मारली. चंपी चुलीजवळून उठली आणि पुन्हा बसली.

"सकाळीच गेला कोठीतरी," नीतू पदराशी चाळा करत म्हणाली. "एखाद्या कुत्रीच्या मांगं गेला असंन."

दोन दिवस सुशीलाबाई वावरावावरात फिरली. तळ्याची पाळ धुंडाळली, ओढे बघितले, विहिरीत वाकून पाहिलं. "शेरू रे" करून घसा बसला. देवचंद तिच्यासोबत फिरत होता. सोबत हाका मारत होता! तिसऱ्या दिवशी नंदाबाईला ते बघवलं नाही. तिने सुशीलाबाईला कुंपणाशी बोलावलं.

"सांगू नोको म्हनलं होतं मले, पन तुहे हाल पाहावत नाई बाई. तुमी जत्रेले गेले अन् लीलाधरची गाडी आली. शेरू जवळ येऊ देईना कोनाले. मंग तुह्या सुनेनं ते फडकं आनून गाडीत आंथरलं. चुपचाप चढला अन् फडक्यावर बसला. भुकला बी नाई व माय."

सुशीलाबाई कुंपण धरून उभी राहिली. दोन रात्री तिने देवाला नवस बोलला होता, आणि कुत्रा गेला होता तिच्याच लुगड्यावर बसून. तिने स्वतः वीस दिवस खपून त्याला जाणं शिकवलं होतं.

ती सपरीत आली. देवचंद पाणी पीत होता.

"कचारगडले कायले नेलं मले?"

देवचंदने गडवा खाली ठेवला. "लीलाधरनं मांजर देताखेपीच मांगला होता. मांजराच्या बदल्यात. सुनेचा भाऊ, त्याले नाई कसं म्हनू? हो म्हनलं मी."

"मांजर आलं त्या दिसापासून माईत होतं?"

"हो."

"गजेंद्रले बी?"

"हो."

"साऱ्या दुनियेले हो म्हनता तुमी. मले काऊन नाई इचारलं?"

"तू नाई म्हनली असती," देवचंद म्हणाला.

रडूसुद्धा आलं नाही तिला. कुत्रा गेला हे दुःख होतंच, पण त्याहून खोल दुखलं ते चढणीवर धरलेल्या हाताचं. तिने जत्रेतल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, ओट्यावर नीट रचून ठेवल्या आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिने टोपलीत उरलेलं फडकं अंथरलं, मांजर त्यावर ठेवलं, वर झाकण बांधलं आणि ऑटोत बसून कुडव्याला गेली. गोदामाच्या दारात शेरू साखळीला बांधलेला होता. समोर भाताची थाळी तशीच, माशा बसलेली. तिला पाहताच तो असा उसळला की साखळीने गळा आवळला. शेपटी, कान, सारं अंग हलत होतं. तिने टोपली खाली ठेवून झाकण काढलं. फडक्याचा वास नाकात शिरला आणि शेरू जागच्या जागी थांबला. मग मागे सरकत सरकत भिंतीला चिकटला आणि तिच्यावर गुरगुरला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर गुरगुरला.

सुशीलाबाई मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली.

लीलाधर आतून धावत आला. "मावशी! काय झालं? मावसाजी म्हनले तुमी राजी हाये म्हून. म्हनून तं गाडी आनली मी. आईची आन, मले काई माईत नोयतं."

"मी राजी नोयती बापा. घे तुहं मांजर, दे माहा कुत्रा."

पण मांजर टोपलीतून उतरून शेरूकडे गेलं होतं आणि त्याच्या पायांत अंग घुसळत होतं. शेरू त्याला काही करत नव्हता. लीलाधर बघत राहिला आणि म्हणाला, "दोनीबी घेऊन जा मावशी." त्यानेच साखळी सोडली.

फडकं तिने तिथेच नालीत टाकलं. शेरू ऑटोजवळ यायला तयार नव्हता, म्हणून ती पायी निघाली. डोक्यावर टोपलीत मांजर, आणि मागे वीस-पंचवीस हातांवर शेरू. ती थांबली की तो थांबे, ती चालली की चाले. जवळ मात्र आला नाही. कामठा गाठेस्तोवर ऊन कललं होतं आणि तिचे पाय सुजले होते. शेरू अंगणाच्या तोंडाशी आला, थांबला आणि रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली बसला.

सकाळी तिने तट्टा पुन्हा काढला. अंगणाच्या तोंडाशी उभा केला, पलीकडे नऊ हात मोजून शेरूची थाळी ठेवली आणि अलीकडे नऊ हातांवर स्वतः बसली. शेरू बराच वेळ बघत राहिला. मग उठून आला, तिच्याकडे न बघता थाळीतला भात खाल्ला आणि परत कडुनिंबाखाली गेला. नीतू पाणी घेऊन आली. सुशीलाबाईने हात पुढे केला नाही, म्हणून तांब्या बाजूला ठेवून ती निघून गेली.

दुपारी देवचंद जेवायला सपरीत आला. पाट मांडलेला नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. त्याचं ताट दूर, त्याच तट्ट्याच्या पलीकडे, शेरूच्या थाळीशेजारी वाढून झाकून ठेवलं होतं.

"हे का वो?"

"उद्या एक हात जवळ सरकवीन," सुशीलाबाई तट्ट्याकडे बघत म्हणाली. "पहिले शेरूचा नंबर हाये. तो माह्यापाशी आला, का मंग तुमचं पाहू."

देवचंदने ताटाकडे पाहिलं. मग "हो" म्हणाला आणि तट्ट्याला वळसा घालून पलीकडे जेवायला बसला.